किडकं सोनं

९ सप्टेंबर, मंगळवार

कॉलेजात मला किडे शिकवलेल्या सरांचा फोन आला तेव्हा मी आत्याबाईंच्या पाठीला पावडर लावत होते. एका हाताला पावडर, फोन खांद्यात दाबलेला. सर म्हणाले, "वैशाली, नवीन आहे. माझी खात्री झालीय. हा पतंग आजवर कुणी नोंदवलेला नाही."

मी "बरं" म्हणाले. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "कोन गेलं?"

"कुणी नाही. नवीन पाखरू सापडलं."

"मंग पावडर लाव. थांबलीस कशापायी?"

लावली. सासू ती सासू, आत्याबाई म्हणायचं ते तोंडाने.

पुढचं सर नंतर बोलले. मी पाठवलेले सगळे नर निघाले. या पतंगाच्या जवळची जी एक जात आहे, तिची फक्त मादी माहीत आहे, तीही जुनी, पुण्याच्या संग्रहात काचपट्टीवर. म्हणजे आपल्यालाही मादी पाहिजे. ती घेऊन पुण्याला जायचं, दोघी शेजारी ठेवून बघायच्या, मगच पेपर. तो नमुना ते बाहेर देत नाहीत. फोटोवर काम होत नाही. सरांना मोतीबिंदू. उरले मी.

आणि हे सगळं दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर संग्रह नव्या इमारतीत हलवणार. परत कधी उघडेल ते कुणी सांगत नाही.

"बघते" म्हणाले. मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं. आनंद झाला होता, खूप झाला होता, पण तो घेऊन जायचं कुठे? घरात दोनच माणसं, त्यातलं एक भिंतीकडे तोंड करून.

११ सप्टेंबर

आज वॉकरवर टॉवेल वाळत घातला आणि माझं मलाच हसू आलं. आषाढात आत्याबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभरात चालायला लागतील. हाड जुळलंय, एक्सरेत दिसतं. चालायचं मात्र नाव नाही. "पाय माझा हाय का डाक्टरचा?"

उशाशी स्टीलचा पेला. काही हवं असलं की पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायचा. पाणी, पेला. कूस, पेला. माशी बसली, पेला. भोकरदनच्या कॉलेजातले माझे तास जुलैतच दुसऱ्या बाईंना गेले. तासिकेवरच्या माणसाची कोण वाट बघतं! माझं म्हणून एवढंच उरलंय: स्वयंपाकघराच्या खिडकीत औषधाच्या रिकाम्या डब्या, डब्यांत आपट्याची पानं, पानांत अळ्या. आणि कॉलेजातून मागून आणलेला मायक्रोस्कोप, तो ते कधीही परत

पेला.

१४ सप्टेंबर, रविवार

शेजारच्या शोभाकाकूंना मूग निवडायला आमच्या ओट्यावर बसवलं आणि टेकाडावर जाऊन आले. गावाजवळ आपटा आता तो एकच. बाकीचे काही रस्त्यात गेले, काही सरपणात.

अळी पानाच्या आत राहते. वरचा पापुद्रा, खालचा पापुद्रा, मधला हिरवा गर खात खात पुढे सरकायचं. मागे पांढरी नागमोडी रेघ उमटते. बाहेर कधी येत नाही. मोठी झाली की आपट्याचं पान जिथे मधोमध दुमडतं त्या घडीत पांढरा कोष करते. कोषातून जे निघतं ते तांदळाच्या कणीपेक्षा लहान. हे सगळं पावसाळ्याच्या शेवटाला. दसऱ्याला सोनं म्हणून झाड ओरबाडलं की खेळ खलास. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर गेले तर नुसत्या काड्या उभ्या होत्या.

म्हणजे दसऱ्यापर्यंतचाच वेळ.

रेघांची पानं पिशवीभर आणली. येताना फाट्यावरून एसटी गेली. कुठली होती देव जाणे, पण ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. शोभाकाकू म्हणाल्या, "पेला लई वाजला गं. मी आत गेल्ते, तर म्हनल्या, तू नको, ती पायजे."

१७ सप्टेंबर

पाऊस. सकाळी शाळेत मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन, भोंगा भिजून घोगरा झालेला.

वर्णन लिहायला घेतलं. मादी मिळेपर्यंत नराचं तरी. पेपर इंग्रजीत जाईल, पण मला आधी मराठीत दिसावं लागतं. पुढचा पंख. सोनेरी? सोनेरी म्हटलं की सराफाचं दुकान आठवतं, तसा नाही. तूप कढवल्यावर तळाशी बेरी राहते, तिचा रंग. त्यावर तीन तिरके पांढरे पट्टे, प्रत्येकाला आतल्या अंगाने काळी कड. टोकाशी एक काळा ठिपका. मागच्या पंखाला झालर, इतकी लांब की पंख कमी आणि झालरच जास्त. बसतो तो पुढचे पाय ताठ करून, मान वर. एवढ्याशा जिवाला एवढा ताठा.

"ताठा" पेपरात चालत नाही. तिथे "मी"सुद्धा नसते. कुणी बघितला, वरणाला फोडणी देऊन, कुणाची कूस बदलून मग बघितला, यातलं काही येत नाही. ठिकाण मात्र येतं. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना. पतंगाचा पत्ता आणि माझा पत्ता एकच.

आत्याबाई: "काय लिवून राह्यलीस?"

म्हटलं, पाखराचं वर्णन.

"त्याचं काय वर्नन? उडतंय ना? झालं मंग."

२० सप्टेंबर

डब्यांत तीन पतंग निघाले. फ्रीजरमध्ये ठेवले, पोटाची टोकं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली. (चहाच्या भांड्यात नाही, वेगळ्या परीक्षानळीत. किती वेळा सांगू! शोभाकाकूंनी गल्लीभर केलंय की वैशाली किडे शिजवती.) मायक्रोस्कोपखाली: आकडे. आकडे. आकडे. नराला मादीला धरायला आकडे असतात. तिन्ही नर.

रेखाताईंना फोन केला. माझ्या नवऱ्याची, सु.ची, बहीण, जाफराबादला दिलेली. म्हटलं, दसऱ्यानंतर आठवडाभर आईपाशी येऊन राहता का, मला पुण्याला जायचंय. "वैशाली, कापूस कोन वेचील माझा? आन आईला तुझ्याच हातचं लागतं. मागं आल्ते तवा माझ्या हातचं पानी बी पेली न्हाई." मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर बघू हे आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य आहे. सु.चंही तेच. तो चाकणला कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येतो आणि दिवाळीनंतर बघू म्हणून जातो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आत्याबाईंनी घट बसवला. म्हणजे मी बसवला आणि त्या पलंगावरून चुका काढत होत्या. माती कमी, धान्य जास्त, पाणी नीट शिंपडलं नाही. पितळी पानडबा मांडीवर, सुपारी कातरत कातरत सूचना. दात चार राहिलेत, पण पान सुटत नाही.

पाऊस थांबायचं नाव घेईना. पूर्णा पुलाला लागली म्हणतात. सोयाबीन उभ्या उभ्या सडतंय, अशा दिवसांत मी पानातल्या अळ्यांची काळजी करते म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. म्हणून बोलत नाही. इथे लिहिते.

सरांना फोनवर म्हणत होते, "मादी सापडली की निघतेच मी, काहीही करून." मागे वळले तर अडकित्ता थांबलेला.

"कुटं निघतीस?"

"पुण्याला. आठवडाभर."

"आन मी?"

मी म्हणाले, अजून सापडली नाही.

"न्हाई ना सापडली," म्हणाल्या आणि परत सुपारी कातरायला लागल्या.

२४ सप्टेंबर

पुण्याच्या बाईंची मेल आली. संग्रह त्याच बघतात. "१३ ते १७ ऑक्टोबर तुम्हाला टेबल आणि मायक्रोस्कोप देऊ शकते. त्यानंतर कपाटं बांधायला घेणार. मादी घेऊनच यावे." शेवटचं वाक्य वाचून हसले. वरातीला या, नवरी घेऊनच यावे.

टेबल. मला कुणीतरी टेबल देणार आहे. आठवडाभर, दिवसभर, एकटीला. मी ते वाक्य इतक्या वेळा उघडून वाचलं की फोनची बॅटरी

पेला.

२६ सप्टेंबर

बुरशी. सगळ्या डब्यांत. पानं काळी पडली, कोष मऊ. उन्हाला ठेवावं तर ऊन कुठाय? सगळं उकिरड्यावर टाकलं.

तेच डोक्यात घेऊन भाकरी करत होते, करपली. आत्याबाई बोलल्या. मी उलट बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी ताट सरकवलं, मग मीही जेवले नाही. दोघी उपाशी, एक उठत नाही आणि एक जात नाही. झोपायच्या आधी दूध गरम करून दिलं, प्यायल्या. साखर कमी होती म्हणे.

१ ऑक्टोबर

सु. आला, दसऱ्याला. परवा पाऊस उघडला तेव्हा टेकाडावर पळत जाऊन आले होते. खालच्या फांदीवर रेघांची पानं आहेत अजून, दोनचारांत कोषही दिसले. तोडून आणली असती, पण डब्यांतली बुरशी गेलेली नाही, आणलेलं सगळं मरतं. पुरते पिकलेले कोष झाडावरूनच शेवटच्या दिवशी आणायचे असं ठरवलं होतं.

सु.ला म्हटलं, उद्या ती फांदी तेवढी राहू दे.

"अख्ख्या गावाला काय सांगू? सोनं लुटू नका, पाखराचं बाळंतपन हाय?" स्वतःच हसला. मी हसले नाही तेव्हा म्हणाला, "बरं बरं. सगळ्याच्या आधी जाऊन मीच तुझ्यासाठी तोडून आनतो. बिलकुल टेन्शन घेऊ नको."

ओळख पटावी म्हणून एकच पान आणलं होतं, ते त्याला उजेडाला धरून दाखवलं. रेघ दाखवली, रेघेच्या टोकाला अळी दाखवली. "आयला," म्हणाला. खरंच बघितलं त्याने. वाईट नाही तो. इथे नाही, एवढंच.

मी स्वतः का जात नाही? सकाळी आत्याबाईंची अंघोळ, नैवेद्य, पुरण. आणि दसऱ्याला शिवेवर गडी जातात, आमच्याकडे बाया दारात आरती घेऊन थांबतात. हे कुणी ठरवलं असं विचारायला गेलं तर सगळेच म्हणतात, कुणी नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सु. दहाच्या आत परत. उपरणंभर पानं. घामाघूम, खुशीत.

"बघ. गाव यायच्या आधी पोचलो. एकेक पान निवडून आनलं. एक बी किडकं न्हाई."

मी उलटीपालटी करत गेले. हिरवीगार, तुकतुकीत, सगळी. एकावरही रेघ नाही.

"रेघांची कुठंयत?"

"ती टाकली ना खाली. किडकं सोनं देतं का कुनी? वर्षाचा सन हाय."

म्हणाला आणि मग त्याचा चेहरा पडला. कळलं त्याला. पण त्याच्या आधी हाताने काम केलं होतं. लहानपणापासून आपट्याखाली उभं राहिलं की हात चांगलं पान तोडतो आणि डागाचं टाकतो, त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. बायकोसाठी आणायचं म्हणून तर त्याने जास्तच निवडलं. भांडावं तरी कसं? पानं घेतली, पाया पडले.

तो म्हणाला, "परत जातो." तोवर गाव टेकाडावर पोचलं होतं. ढोल इथवर ऐकू येत होता.

मग शिवेवरून आलेल्यांना ओवाळलं. आत्याबाई पलंगावरून: "शीव वलांडून आलेत, नीट ववाळ." थोड्या वेळाने, मला नाही, उगाच समोर बघत: "लगीन हून आल्यापून ववाळूनच राह्यले. दसऱ्याची शीव वलांडतेत कशी, बघितलं न्हाई कधी."

संध्याकाळी गल्ली त्यांच्या पाया पडायला. पलंगावर पानांचा ढीग. पोरासोरांनी दिलेली कशीही, तुटकी, डागाची. मला लांबून एक पांढरी रेघ दिसल्यासारखी झाली. हात घातला तर मनगटावर पेला बसला.

"दिलेलं सोनं चिवडायचं नसतं. लक्षमी हाय ती."

"आत्याबाई, एकच पान बघते."

"न्हाई म्हनलं ना."

चारचौघांत हात मागे घेतला. मनगट अजून दुखतंय.

३ ऑक्टोबर

टेकाडावर गेले. काड्या. सु.ने खाली टाकलेली पानं शेळ्यांनी खाल्ली, लेंड्या तेवढ्या मागे.

आत्याबाईंचा ढीग सकाळीच नाहीसा. "काही देवापुढं ठिवलं, काही कोठीत टाकलं." देव्हारा पाहिला. ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून पाहिलं. सगळी स्वच्छ पानं. कालची रेघ मला दिसली की मला दिसायला हवी होती, आता सांगता येत नाही.

सु. दुपारच्या गाडीने गेला. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाला.

सरांना मेसेज केला, मादी नाही. त्यांचं उत्तर, "ठीक आहे." सर ठीक आहे म्हणतात तेव्हा काहीच ठीक नसतं. भांडी घासता घासता रडून घेतलं, तेवढाच वेळ वाचला.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज पेला जवळजवळ वाजलाच नाही. भीती वाटून मीच जाऊन जाऊन बघत होते. डोळे उघडे, पानडबा पोटावर, दोन्ही हात त्यावर. पान खाल्लं नाही सकाळपासून.

"तोंडाला चव न्हाई."

ताप नाही. दुखतंय का? नाही. दुपारी म्हणाल्या, मच्छरदाणी लाव. भर दुपारी? "लाव म्हनलं ना. जल्दी लाव. आन खाली बराबर खोच, चारी बाजूनं."

लावली, खोचली. त्यांनी आतून हात फिरवून तपासली. त्या आत, मी बाहेर. आता हे नवीन काय? रेखाताईंना कळवावं का, म्हातारपणात कधी कधी डोकं

नाही वाजला. मला वाटलं वाजला.

दूध आटवलं. एक कोपरा उचलून पेला आत दिला, त्यांनी घाईघाईने परत खोचून घेतलं.

८ ऑक्टोबर

सगळं लिहिते.

भांडी आवरून पुसत होते. पेला. एकदाच, आणि हळू. असा कधी वाजवत नाहीत.

"आत ये," म्हणाल्या. "मागनं खोचून घे."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्या पलंगावर मी कधी बसले नव्हते. वाकून आत गेले, पायांशी बसले, खोचून घेतलं. त्यांनी बोट वर केलं.

"हीच का ती?"

जाळीच्या वरच्या कोपऱ्यात, शिवणीजवळ. पंख मिटलेले, पुढचे पाय ताठ, मान वर.

त्यांनी पानडबा उघडला. सुपारी आणि कात एका बाजूला सारून, मोकळ्या केलेल्या खणात एकच आपट्याचं पान. पांढरी रेघ, घडीत कोष, कोषाला भोक.

"त्या दिशी तू हात घातला ना, तवाच बाजूला काढलं व्हतं मी."

"मग मला का नाही दिलं?"

"दिलं असतं तर गेली असतीस."

सरळ. लाज नाही, काही नाही. असा राग आला मला. इतके दिवस मी रडतेय, कोठीत हात घालतेय, आणि हिच्या मांडीवर. वाटलं आत्ता उठावं आणि वाटेल ते बोलावं. पण मच्छरदाणी हलली असती.

"मग आता कशाला दाखवलं?"

त्यांनी डबा मिटला. "परवा डबा उघडला तर निम्मी भायेर आल्ती. मंग तुला जाळी लावाया सांगितली, पळून जाऊ नी म्हनून. दोन दिस बघून राह्यले. चारी कोपरे फिरती, जाळीला डोकं लावती, परत फिरती. दुसरं काम न्हाई तिला." मग पांघरुणाचा काठ ओढत, "बघवंना."

काचेची कुपी आणली, तिच्यावर धरली. कोपरा उंच, हात अवघडलेला. त्यांनी माझं मनगट धरलं, पेला बसला होता तेच. कुपीत गेली. बूच लावलं.

"मादीच हाय का?"

"मारून, उकळून बघितल्याशिवाय कळत नाही."

"मेल्याबिगर कळत न्हाई व्हय," म्हणाल्या. "मंग मादीच असंल."

९ ऑक्टोबर

कुपी खिडकीत. जिवंत. अजून फ्रीजरमध्ये ठेवली नाही. सरांना कळवलं नाही.

कारण काय तर लाईट नव्हती. सकाळी नव्हती. दुपारी आली, तरी नाही ठेवली. नर निघाला तर सगळं संपलं, आणि तसं झालं तर मला एका परीने सुटल्यासारखं वाटेल, हे आज पोळी लाटताना कळलं. कळलं आणि लाटणं थांबलं.

संध्याकाळी ठेवली. बर्फाच्या ट्रेशेजारी.

११ ऑक्टोबर, शनिवार

आधी पंख पसरले, केसाएवढ्या टाचणीवर. डाव्या झालरीला चुन्याचा कण, पानडब्यातला. ब्रशने काढला, पूर्ण निघाला नाही. काय करणार, तसाच जाईल.

मग पोटाचं टोक. उकळलं, धुतलं, काचेवर घेतलं. डोळा लावला.

आकडे नाहीत.

उठले, पाणी प्यायले, परत बघितलं. आकडे नाहीत. आत लहानशी पिशवी, जशी असायला हवी तशी, आणि नळी. मादी. माझ्याकडे मादी आहे.

किती वेळ बसले होते माहीत नाही. पेला वाजला नाही. बाहेर आले तर आत्याबाई दाराकडेच बघत होत्या.

"काय निघालं?"

"अजून कळलं नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? इतके महिने म्हणत आले, यांनी अडकवलंय, नणंदेने, नवऱ्याने, पावसाने. आता कारण संपलं तर पाय माझेच निघेनात. पुण्याच्या बाई विचारतील, इतके महिने काय केलं? हात बसला आहे का कामाला? तिथे सगळ्या शिकलेल्या, सवयीच्या. मी गावातून पानडब्यातली मादी घेऊन जाणार. आणि इथे यांची कूस कोण बदलेल? रेखाताईंच्या हातचं त्या पाणी पीत नाहीत. मला भीती वाटते. जायचीही आणि न जायचीही.

"बरं," म्हणाल्या त्या. कूस बदलायलाही हाक मारली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नळाला पाणी आलं, हंडे भरायला बाहेर गेले. परत आले तर पलंग रिकामा.

न्हाणीकडे पळाले. तिथे नाही. वॉकरवरचा टॉवेल खाली पडलेला आणि वॉकर नाही.

स्वयंपाकघरात, माझ्या स्टुलावर, मायक्रोस्कोपसमोर बसल्या होत्या. केस सुटलेले, घामाने चिंब, दोन्ही हात वॉकरच्या दांडीवर. इतके महिने ज्या चार पावलं टाकत नव्हत्या.

"त्यात काय बी दिसंना," म्हणाल्या.

"डोळा जवळ न्यावा लागतो. आत्याबाई, पडला असता म्हणजे?"

"आले खरी. आता परत जाता येईना."

हसू आलं मला, आणि रडू, दोन्ही एकदम. त्यांनाही आलं. त्यांचं लवकर थांबलं.

"मादीच हाय ना?"

"हो."

"काल तुझं तोंड बघितल्यावरच कळलं व्हतं." ओट्यावर पानडबा ठेवलेला होता. चुना, कात, सुपारी काढून पुसलेला, पदराने पुसला असावा, कडेला पांढरं राहिलं होतं. "ह्यात घिऊन जा तिला. झाकन बराबर बसतं ह्याचं."

जा म्हणाल्या त्या, असं मला वाटलं. नेमकं कुणाला म्हणाल्या, तिला ने असं म्हणाल्या की तू जा असं, ते विचारलं नाही. त्यांना धरून परत आणलं. एवढंसं अंतर, पण दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा उंबऱ्यावर थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून म्हणाल्या, "जल्दी करू नको," आणि मग पलंगावर पडल्यावर डोळे मिटून घेतले.

डब्यात कापूस घातला, टाचणी रोवली, काचपट्टी कागदात गुंडाळून शेजारी. झाकण खरंच बराबर बसतं. बॅगेत एक साडी, एक ड्रेस, संग्रहासाठी सरांनी दिलेलं पत्र. सरांना मेसेज केला, मादीच आहे. पुण्याच्या बाईंना मेल केली, उद्या येते. मग वाटलं, मागे यांच्यापाशी कोण राहणार, हे आधी विचारायला हवं होतं.

रेखाताईंना दोनदा फोन लावला. वाजतो, उचलत नाहीत. रानात असतील. आता परत लावते. आत्याबाईंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलंय, एक कान तेवढा बाहेर ठेवलाय.